कॉलर बघून घेतलेली खोली

घर म्हणजे पुढे लाँड्रीचं दुकान आणि मागे राहायच्या दोन खोल्या. आई कपडे धुवायची, थोरला भाऊ इस्त्री करायचा आणि धाकटी शाळेतून आली की घड्या घालायला बसायची. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव काहीही असेना, घरात, दुकानात आणि अख्ख्या गल्लीत ती धाकटीच होती.

आईचं एक शास्त्र होतं. माणूस बोलतो काय, हसतो कसा, याला तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती. कॉलर बघायची. इतकी वर्षं लोकांच्या मानेचा मळ घासून तिने सगळ्या गिऱ्हाइकांचा निकाल लावून ठेवला होता. अमका चार दिवस एकच शर्ट घालतो, म्हणजे ऐदी. तमक्याच्या कॉलरला केसांचा रंग लागतो, म्हणजे या वयातही थेर चालू. आणि शिक्षणखात्यातल्या त्या कारकुनाची कॉलर धुवायला टाकतानासुद्धा पांढरी असते, म्हणजे माणूस अगदी सज्जन. "कपडे खोटं बोलत नाहीत," असं ती म्हणायची. धाकटीलाही ते पटलेलं होतं, कारण लहानपणापासून तिच्या कानावर दुसरं काही पडलंच नव्हतं.

या धाकटीला मोठ्या शहरात कवळ्या बनवण्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. दात काढणारे डॉक्टर वेगळे आणि त्यांनी पाठवलेल्या ठशावरून दात घडवणारे वेगळे. धाकटीला दुसऱ्यांपैकी व्हायचं होतं.

"एवढ्या लांब जायचं ते कवळ्या करायला?" भाऊ म्हणाला. "इथल्या लोकांना काय दात नाहीत?"

"दात नसलेल्यांसाठीच असते दादा कवळी."

भावाला खरं दुःख कवळीचं नव्हतं, घड्या कोण घालणार याचं होतं. आई मात्र मुलीच्या बाजूने उभी राहिली, आणि तिथेच तिने अट घातली. "सुरक्षित आणि आपल्याला झेपेल अशी खोली मिळाली तर खुशाल शीक. पण एकदा जरी काही वेडंवाकडं कानावर आलं ना, तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन. मग पुन्हा शहराचं नाव काढायचं नाही." आईच्या मनात ती काळजी होती. धाकटीने ऐकली ती धमकी, आणि तिने बरोबर ऐकलं होतं.

कॉलेजचं वसतिगृह केव्हाच भरलं होतं. मायलेकी खोल्या बघायला निघाल्या आणि या शहरात माणसं कशाला खोली म्हणतात ते बघून त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. एजंट भेटला तो सतत दात कोरणारा. कोरून काय निघालं ते बघायचा, ते चिमटीने उडवायचा, आणि मगच पुढचं वाक्य बोलायचा. त्याने दाखवलेल्या पहिल्या इमारतीत जिन्याचा कठडा इतका चिकट होता की आईने रुमाल काढून हात पुसला आणि तो रुमाल तिथेच टाकून दिला. रुमाल टाकून देणारी बाई नव्हती ती. वर खोलीत शेगडीच्या बरोबर डोक्यावरून वरच्या घराच्या संडासाचा पाइप गेला होता. सांध्याला फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

"हे गळतं का?" आईने विचारलं.

"कधीकधी."

"कधीकधी म्हणजे कधी?"

"वरचे लोक घरी असले की," एजंट म्हणाला आणि पुन्हा दात कोरायला लागला.

दुसरीकडे एका हॉलमध्ये प्लायवूड ठोकून खुराडी केली होती. प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे एकीला शिंक आली की सगळ्यांना समजायचं. गादीवर मागच्या मुलीच्या अंगाचा खळगा तसाच होता. मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता असा बसला होता की मेलेला उंदीर आहे असं वाटून धाकटी मागे सरली. आणि हे सगळं मिळायचं ज्या भाड्यात, तेवढ्यात गावाकडे आईचं दुकान चालत होतं. तिसऱ्या ठिकाणचा मालक बनियनवरच बाहेर आला. मित्रबित्र आहे का, संध्याकाळी परत किती वाजता येणार, फोनवर कुणाशी बोलतेस, असं धाकटीला विचारत सुटला. विचारताना त्याला उत्तराची काही पडलेली नव्हती. त्याची नजर आपली वेगळीच फिरत होती, आणि ती कुठे फिरत होती ते आईने बघितलं. मुलीचा हात धरून ती जिना उतरली ती रस्त्यावर येईपर्यंत थांबली नाही.

चौथं घर एका मावशीचं. सगळे तिला मावशीच म्हणत. तिच्या गाऊनवर आमटीपासून तेलापर्यंत आठवडाभराच्या जेवणाची नोंद होती आणि मानेभोवतीची पट्टी काळी कुळकुळीत. घरात कोंदट वास, मांजर ओट्यावर बसलेलं. पण ती बाई रोखठोक होती. "ए पोरी, घोरतेस का? घोरत असशील तर आत्ताच सांग, शेजारची मारामारी करते," असं म्हणून ती खदखदा हसली. खोलीचं दार जाड होतं आणि आतून दोन कड्या होत्या. भाडंही झेपण्यासारखं. धाकटीचा जीव तिथे जरा थाऱ्यावर आला होता, पण आईने नाक मुरडलं. "जिला स्वतःची मान धुता येत नाही ती तुझ्याकडे काय लक्ष देणार?" खाली उतरल्यावर आई म्हणाली. विषय तिथेच संपला.

मग साहेब भेटले. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी दार उघडलं आणि आईची नजर पहिल्यांदा गेली ती त्यांच्या गळ्याशी. कॉलर अशी होती की आईने मनात हात जोडले. कडक, पांढरी, आतल्या घडीवरसुद्धा पिवळी रेघ नाही. खोली लहान पण लख्ख होती, पलंगावरची चादर ताणून बसवलेली. साहेब साखर पेरल्यासारखं बोलायचे. "पैशासाठी देत नाही हो आम्ही. दोघंच असतो, घरात मुलीचा वावर असला की बरं वाटतं. शिकू दे बेटाला." भाडं त्यांनी मागितलं तेही कमीच. त्यांची बायको पाण्याचे पेले घेऊन आली, ठेवले आणि आत गेली. तिच्याकडे कुणी नीट बघितलं नाही. आईनेही नाही.

"दाराला आतून कडी नाही," धाकटी हळूच म्हणाली.

"लाकूड फुगलंय बेटा, कडी बसतच नाही," साहेब म्हणाले. "आणि आपल्याच घरात कडी कशाला हवी?"

आईला ते उत्तर आवडलं. इथे मला त्या आईचा राग येतो, पण खोल्या बघून बघून तिचे पाय सुजले होते आणि पाइपाचा तो थेंब अजून तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. स्वच्छ माणूस दिसला आणि ती विरघळली. त्याच दिवशी धाकटीची बॅग त्या खोलीत आली.

कॉलेजात धाकटी रमली. मेण तापवायचं, प्लास्टर कालवायचं, एकेक दात तासून बसवायचा, हे काम तिच्या हाताला लगेच जमलं. घड्या घालून घालून बोटांना जी सफाई आली होती ती इथे उपयोगी पडली. शिकवणाऱ्या बाईंनी तिने केलेली पहिली कवळी वर्गात फिरवली तेव्हा तिला वाटलं, आता आपल्याला इथून कुणी हलवू शकत नाही.

आणि मग एका संध्याकाळी तिने कपाट उघडलं.

त्यांच्या घरची घडी वेगळी असते. बाहेरचे लोक शर्टाच्या बाह्या मागे आडव्या टाकतात. यांच्याकडे कफ वर खांद्याकडे वळवायचा, मग खालचा तिसरा हिस्सा वर, मग आणखी एकदा, आणि शेवटी तळहाताने थाप. धाकटीला झोपेत उठवलं तरी तिने अशीच घडी घातली असती. कपाटात वरच्या दोन शर्टांच्या बाह्या आडव्या होत्या. घडी वाईट नव्हती. उलट फार सुबक होती, कडा एकावर एक बरोबर ठेवलेल्या. तिला आधी वाटलं, घाईत आपणच घातली असेल. मग वाटलं, साहेबांच्या बायकोने, काकूंनी घातली असेल, कपाट पुसताना. माणूस अशा वेळी स्वतःला काय काय समजावतो! दोनचार दिवसांनी कपाटाच्या तळाला ठेवलेली पिशवी तिने उघडली. आतून घालायचे कपडे ती त्यात कसेही कोंबून ठेवायची. तेही आता एकावर एक रचलेले होते, तसेच सुबक, कडेला कडा लावून.

धाकटी ते सगळे कपडे घेऊन मोरीवर गेली. त्या कपड्यांना तिने साबण लावला, धुतले, पिळले, पुन्हा साबण लावला. लाँड्रीतली पोर ती, कुठला डाग कशाने जातो ते तिला पाठ होतं. इथे डागच नव्हता. कपडे आधीपेक्षा नीटनेटके होते आणि ते अंगाला लावायची तिला किळस येत होती. बाहेरच्या खोलीत साहेब पेपर वाचत बसले होते. तिला ओले कपडे घेऊन जाताना बघून म्हणाले, "किती धुतेस बेटा! स्वच्छतेची आवड दिसते. छान."

दाराला कुलूप लावायचा विषय तिने एकदा काढून बघितला. "लाव की," साहेब म्हणाले. "दुसरी किल्ली तेवढी माझ्याकडे देऊन ठेव. आगबिग लागली तर?" तिने कुलूप आणलंच नाही.

आईला फोन रोज व्हायचा. खोली कशी आहे, आई विचारायची. चांगली आहे, धाकटी सांगायची. काकू जेवायला देतात का? देतात. साहेब कसे आहेत? चांगले आहेत. 'चांगले' म्हणताना तिच्या तोंडाला कडूजहर चव यायची. पण खरं बोलली असती तर दुसऱ्या दिवशी आई दारात उभी राहिली असती, आणि त्यानंतर तिचं उरलेलं आयुष्य इस्त्रीच्या टेबलाशी गेलं असतं. म्हणून ती आतले कपडे पिशवीत भरून रोज कॉलेजला न्यायला लागली. वर्गातल्या मुली हसायच्या. "घर सोडून पळालीस का ग?" असं विचारायच्या. पिशवीवर प्लास्टरची पांढरी पूड बसायची आणि ती झटकत धाकटी परत त्याच खोलीत जायची. झोपताना टेबल ढकलून दाराला लावायची. साहेब सकाळी हसून विचारायचे, "टेबल सरकवलंस का बेटा? फरशीला ओरखडे पडतील."

आई आली ती न सांगता. चादरी धुऊन आणल्या होत्या, लेकीला चकित करायचं होतं. धाकटी कॉलेजातून येऊन नुकती टेकली होती. आईने चादरी ठेवायला कपाट उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

"ही घडी कुणाची?"

"माझीच," धाकटी म्हणाली.

"तुझी नाही. आणि बाईच्या हाताचीही नाही. बाई कपडा छातीशी धरून घडी घालते. हा आधी पलंगावर पसरलाय, हात फिरवून सारखा केलाय, आणि मग दुमडलाय." आईने पलंगाकडे बघितलं. मग लेकीकडे. "कोण येतं इथे?"

धाकटी रडली नाही. ती बोलायला लागली आणि मग थांबेचना. पिशवी, टेबल, किल्ली, सगळं एकदम बाहेर पडलं. आई ऐकत होती आणि हातातला शर्ट तिने दोन बोटांत असा धरला होता, जसं मेलेलं झुरळ धरतात.

साहेब बाहेर पेपर वाचतच होते.

"आमच्या मुलीच्या कपाटात तुम्ही हात घालता?" आईने विचारलं.

साहेब जरासुद्धा दचकले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "अहो, पसारा करते ती थोडा. मी आपलं नीट लावून ठेवतो. माझ्या मुलीसारखी आहे."

"मुलीचे आतले कपडे लावता तुम्ही?"

"घर माझं आहे," साहेब म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजातली साखर संपली होती. "कपाटही माझं आहे. उगाच काहीबाही बोलू नका."

मग मात्र आईचा आवाज चढला. दुकानात मशीनच्या घरघरीवर आवाज काढणारी बाई ती, अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं. समोरचं दार उघडलं. तिथल्या बाईने डोकं बाहेर काढलं, साहेबांकडे बघितलं, आणि आत वळून नवऱ्याला म्हणाली, "पुन्हा!" दार बंद झालं. वरच्या मजल्यावर कुणीतरी कठड्यावरून वाकून बघत होतं, तेही आत गेलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ही सगळी माणसं रोज जिन्यात त्या पोरीला बघत होती, बाजूला सरून वाट देत होती, आणि एकाच्याही तोंडातून अवाक्षर निघालं नव्हतं. मला त्या साहेबाइतकीच त्या बंद दारांची शिसारी येते.

काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातावर नवऱ्याचा इस्त्री केलेला शर्ट.

"घेऊन जा हो तिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधीच्या मुलीच्या वडिलांनाही मी हेच सांगितलं."

आईने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बोटांची कातडी साबणाने फाटलेली, नखं पांढरी पडलेली. असे हात आईने रोज बघितले होते, स्वतःचेच.

"यांचे शर्ट तुम्ही धुता?"

"मग कोण धुणार?"

"कॉलरसुद्धा?"

"हातानेच घासते. ब्रश लावलेला यांना चालत नाही, कापड झिजतं म्हणतात."

आईने कपाळाला हात लावला. दुकानात येते ती मळलेली कॉलर असते, म्हणून तिच्यावरून घालणारा कळतो. इथे तिने धुतलेली कॉलर बघितली होती. या बाईच्या फाटक्या बोटांची सफाई तिने सरळ त्या माणसाच्या खात्यावर जमा केली होती, आणि पोर त्याच्या स्वाधीन करून निघून गेली होती. जन्मभर ज्या कामात मुरली त्याच कामात ती फसली होती, आणि कुणी फसवलं म्हणायलाही जागा नव्हती.

बॅग भरायला वेळ लागला नाही. साहेब म्हणाले, "असं मध्येच सोडलं तर अनामत मिळणार नाही हं." आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघी जिना उतरत होत्या तेव्हा साहेब मागून आले, कठड्याशी वाकून त्यांनी हात पुढे केला. "हे राहिलं बेटा." धाकटीच्या मोज्यांची जोडी होती, एकात एक घालून छान गुंडाळलेली. दोघींपैकी कुणीही ती घेतली नाही.

रस्त्याच्या कडेला एक बाक होता. त्यावर दोघी बसल्या, मध्ये बॅग. समोरून बसगाड्या जात होत्या.

"कधीपासून चाललं होतं हे?" आईने विचारलं.

"आल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालं."

"आणि रोज फोनवर मला चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत होतीस?"

"खरं सांगितलं असतं तर तू नेलं असतंस."

आई न्यायलाच निघाली होती. जिना उतरता उतरता मनातल्या मनात तिने गाडी पकडली होती, गाव गाठलं होतं, धाकटीला टेबलाशी बसवून समोर कपड्यांचा ढीगसुद्धा ठेवला होता. पुरे म्हणजे पुरे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"वर्गातल्या एका मुलीकडे जागा आहे," धाकटी म्हणाली. "तिघी राहतात. मला स्वयंपाकघरात गादी टाकावी लागेल. मालक दुसऱ्या गावात असतो, भाडं चौघींत वाटून झेपतं. भिंतीला ओल आहे. झुरळं आहेत."

"झुरळं," आई म्हणाली.

"हो. पुष्कळ आहेत."

एक बस थांबली आणि गेली. आईने तोंड फिरवून पदपथावरच्या कचऱ्याकडे बघितलं, मग तिथूनही नजर काढली. या शहरात नजर ठेवायला तिला स्वच्छ जागा सापडत नव्हती.

"आई, त्या माणसाची मला ओकारी यायची," धाकटी म्हणाली. "पण भीती त्याची नव्हती वाटत, तुझी वाटत होती. तुला कळलं तर सगळं संपलं, म्हणून मी तिथे राहिले. तू मला आत्ता शब्द दे. नेणार नाही म्हण. मग पुढच्या वेळी मी पहिल्याच दिवशी तुला सांगेन."

"पुढच्या वेळी?" आईने विचारलं. "पुढच्या वेळी म्हणजे काय?"

धाकटी आईकडे नुसती बघत राहिली, आणि असा माणूस पुन्हा भेटणार याचं वीस वर्षांच्या पोरीच्या त्या बघण्यात आश्चर्य कुठेच नव्हतं. आईचा चेहरा हळूहळू कडवट होत गेला. तिने बॅगेचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता, तो सोडला.

"नाही नेणार," ती म्हणाली. "पण पहिल्याच दिवशी सांगायचं."